गाडीला अर्थ नाही

ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर लागतो.
हॉर्न दिला की हेडलाइट मंदावते,
स्वतःच्याच आवाजाला लाजल्यासारखी.
वायपर चालतो, फक्त डावीकडे वळताना.
आणि डिझेलचा काटा,
टाकी भरा नाहीतर रिकामी ठेवा,
कायम पावावर.

रबाळ्याची कंपनी बंद पडली तेव्हा
हिशेबाचे जे हातात आले त्यातून ही घेतली.
पिकअप, बारा वर्षांची.
"एका हाताची, घरची गाडी," कळंबोलीचा दलाल म्हणाला
आणि बॉनेटवर थाप मारली.
थापेने डावा दिवा लागला.
तो म्हणाला, "बघा, किती जिवंत आहे."

पहाटे साडेचार, घणसोली.
वीस लिटरचे चाळीस जार मागे चढवून
मी किल्ली फिरवतो.
ती म्हणते, टक्.
गॅलरीतून बायको विचारते, "झाली का?"
मी म्हणतो, "होतेय."
टक्.
समोरच्या सोसायटीचा वॉचमन लोकबहादूर
न बोलावता येतो, मफलर आवळत, धक्का मारायला.
महापेच्या ऑफिसांना नऊच्या आत पाणी लागते.
त्यांना टक् सांगून भागत नाही.

तुर्भ्याला पुलाखाली भोपीचे दुकान:
एक लाकडी पेटी, एक टेस्ट लॅम्प,
आणि तो, चष्म्याची एक काडी वायरीची.
फ्यूजबॉक्स उघडून हसला.
फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी, घडी घालून.
मग गाडीखाली सरकला.
बराच वेळ नुसते पाय दिसत होते.
मग पायांच्या पलीकडून आवाज आला:
"गारीला अर्थ नाय रं."

मी वाकून विचारले, "म्हणजे?"

त्याने एक पट्टी बाहेर फेकली.
तांब्याची वेणी, हिरवी पडलेली,
बोट लावले तर भुगा.
बॅटरीपासून चासीपर्यंत जाते ती.
इथे तिलाच अर्थ म्हणतात.
"म्हावरा नेलाय हिनं, दिवाल्याचा.
बर्फाचं पानी रोज गळतंय खाली.
मीठ अर्थ खातं."

(उन्हात केबिनमध्ये येणारा तो वास.
मी उदबत्तीचे तीन पुडे संपवले होते.)

करंटला जायला वाट होती, त्याने समजावले, परत यायला नव्हती.
मग तो दुसऱ्याच्या घरातून परततो,
ब्रेकचा इंडिकेटरमधून, हॉर्नचा दिव्यातून.
मी काही बोललो नाही.
कंपनी बंद झाल्यावर बावीस दिवस
मीही डबा घेऊन निघत होतो,
ऐरोलीच्या वाचनालयात टेंडरच्या जाहिराती वाचून
साडेसहाला घरी.

नवी पट्टी बसली. साडेतीनशे.
इंडिकेटर इंडिकेटरसारखा वागायला लागला.
पण टेस्ट लॅम्प मिणमिणत राहिला.
किल्ली बंद, दारे बंद,
तरी आत कोणीतरी घोट घोट पीत होते.

दलालाने सीटमागे नवे रेक्झिन ठोकले होते.
भोपीने ते उचकटले.
मागे बोटाएवढा दिवा, लाल टेपने चिकटवलेला.
चालू.
खाली पत्र्यावर खिळ्याने कोरलेला सतराचा पाढा,
सतरा सत्ते एकशे एकोणीसपर्यंत.
पुढे कोरा पत्रा.
लिलाव संपेपर्यंत कोणीतरी इथे आडवे पडून असणार,
बापाची टोपली रिकामी व्हायची वाट बघत.

भोपीने पक्कड लावली. "तोरू?"
गाडीवरून गाडी जात होती पुलावर.
"स्विच लावा," मी म्हणालो.
"पन्नास जास्त होतील."
"होऊ दे."

दुसऱ्या दिवशी ती पहिल्याच किल्लीला उठली.
लोकबहादूर तोवर आलाच होता.
ढकलायला काही नव्हते.
तरी मागच्या फाळक्याला हात लावून गेला.

डिझेलचा काटा अजून पावावरच आहे.
भोपी म्हणाला, तो तसाच राहू दे.